तलावाचं वर्ष मृगापासून मोजा: तलावांचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली भागातल्या तलावांचा ठेका, पाणी, गाळ आणि मत्स्यबीज यांचे निर्णय घेणारे अधिकारी, ग्रामपंचायतींचे सरपंच व सचिव, पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी

महोदय,

आम्ही या तलावांवर मासेमारी करणाऱ्या संस्थांचे सभासद, आणि आमची मागणी तारखांची आहे. एकाच तलावावर आज तीन वर्षं चालतात. निधीचं वर्ष एप्रिल ते मार्च, ठेक्याचं वर्ष जुलै ते जून, आणि पाण्याचं वर्ष रोवणीपासून कापणीपर्यंत, जमलं तर पुढे उन्हाळी धानापर्यंत. मासा यांतलं एकही पाळत नाही. त्याचं वर्ष मृगाच्या पहिल्या लोंढ्याला सुरू होतं आणि रोहिणीत, तलावाच्या पोटातल्या शेवटच्या पाण्यात संपतं. कागद आणि पाणी यांची सांगड बसत नाही म्हणून दरवर्षी काय वाया जातं आणि का, ते ऋतूंच्या क्रमाने लिहीत आहोत.

तलाव कुणाचे, हे आधी थोडक्यात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. पाळ (मातीचा बांध), सलंग (जादा पाणी वाहून जायची वाट) आणि तुडूम (शेतीला पाणी सोडायचं दार) यांची जागा निवडण्यातली त्यांची नजर अजूनही चुकीची ठरलेली नाही. नवेगाव बांध त्यांतला सर्वांच्या ओळखीचा. पण त्याच्यासारखे लहानमोठे हजारो आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्यांची मालकी, गेली आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव चिकटलं. तेव्हापासून पाळ एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं, मासे तिसऱ्याचे आणि गाळ चौथ्याचा. चारही खाती आपापल्या जागी बरोबर असतात, आणि तलावाला मात्र चौघांचंही सोसावं लागतं.

आता मृग.

पहिला जोराचा पाऊस पडतो, शेतांतून तांबडं पाणी तलावात उतरतं, आणि कोळशी, दाडक, शिंगूर, मागूर अशी गावठी मासळी त्या पाण्याच्या उलट दिशेने वर चढते. पोटात अंडी असतात. बांध्यांतल्या उथळ, कोमट पाण्यात अंडी घालायची आणि पाण्याबरोबर परत यायचं, एवढंच तिचं काम. हे चढणं दोन-तीन दिवस चालतं. पाऊस मध्ये थांबला तर आठवडाभराने पुन्हा एकदा. या दिवसांत येव्याच्या, म्हणजे तलावात पाणी उतरतं त्या वाटेच्या, तोंडावर आडवी जाळी किंवा बांबूचे सापळे लावले, तर एका रात्रीत टोपल्या भरतात हे खरं. त्या टोपलीतल्या मासळीचा अर्धा भाग अंड्यांचाच असतो हेही तितकंच खरं. म्हणून आम्ही म्हणतो, मृग लागल्यापासून आर्द्रा संपेपर्यंत, म्हणजे साधारण 8 जून ते 5 जुलै, येव्यावर आणि सलंगाखाली कसलंही जाळं नको. ज्या संस्थांनी हे ठरवलं, त्या स्वतःच पाळतात. अडचण संस्थेबाहेरच्यांची असते. त्यांना थांबवायला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि तो मे महिन्यात झाला तरच कामाचा. जुलैच्या सभेत केलेला ठराव दप्तरात छान दिसतो, एवढंच.

मरळीचं थोडं वेगळं आहे. ती चढून जातेच असं नाही. काठाच्या झुडपात, गवतात पाणी स्वच्छ करून घरटं करते, अंडी पाण्यावर तरंगतात आणि नरमादी दोघं राखण बसतात. पिल्लं निघाली की नारिंगी रंगाचा, ताटाएवढा घोळका पाण्यावर बुडबुडत हिंडताना दिसतो. त्याच्या बरोबर खाली मरळ असतेच. गळ टाकणाऱ्याला यापेक्षा सोपी शिकार नाही, कारण राखण करणारी मरळ भूक नसली तरी घोळक्यात शिरलेल्या वस्तूवर तुटून पडते. ती एक गेली की तास-दोन तासांत इतर मासे त्या घोळक्यावर ताव मारतात. घोळका दिसला की गळ नाही, हा नियम लेखी करायला कुणाचा पैसा लागत नाही. बाजारात जिवंत मरळीला रोहू-कतल्यापेक्षा चांगला भाव मिळतो, आणि तिचं बीज विकत आणावं लागत नाही. तरीही कुठल्याही योजनेच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही.

बीजाचा मुद्दा मोठा आहे, म्हणून तो सविस्तर.

कतला, रोहू आणि मृगल तलावाच्या थांबलेल्या पाण्यात विणत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचा पूर लागतो. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांची पहिली यशस्वी वीण झाली, म्हणून आज आपल्याला बीज केंद्रावरून बीज मिळतं. केंद्रात वीण जूनअखेर ते ऑगस्ट या काळात होते. तीन दिवसांचं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. ते पंधरा-वीस दिवसांत इंचभर होतं, ते मत्स्यबीज. त्यापुढे दोन-अडीच महिने विरळ जागेत वाढवलं की 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकली होते. हे अंकगणित कुठल्याही आदेशाने बदलत नाही. जुलैमध्ये ‘याच वर्षीची बोटुकली’ मागितली तर पुरवठादार आणून देतो ते इंचभर बीज, आणि पावतीवर लिहितो बोटुकली. मरळ, दाडक आणि शिंगाळा असलेल्या तलावात इंचभर बीज सोडणं म्हणजे त्यांना वाढून देणं. संख्या लाखात भरते, मार्चमध्ये जाळ्यात हजारही येत नाहीत, आणि मग तलाव नापीक ठरतो.

यावर दोन वाटा आहेत, आणि कोणती घ्यायची ते तलाव किती दिवस पाणी धरतो यावर ठरतं. मार्च-एप्रिलमध्ये कोरडा पडणाऱ्या तलावाला जुलैच्या मध्यापर्यंत बीज लागतं, नाहीतर वाढायला महिनेच उरत नाहीत. त्यासाठी गेल्या वर्षीचं, दाटीत रोखून ठेवलेलं बीज घ्यावं. ते वयाने मोठं पण अंगाने लहान असतं, आणि मोकळ्या पाण्यात सोडलं की झपाट्याने वाढतं. त्याची मागणी आदल्या जानेवारीतच नोंदवावी लागते. जूनमध्ये विचारलं तर ते संपलेलं असतं. बारमाही पाणी असलेल्या तलावाला मात्र घाई नको. सलंग वाहायचा थांबला की, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या सुमारास, याच वर्षीची खरी बोटुकली सोडावी. पुराबरोबर बीज वाहून जाण्याचा प्रश्नच राहत नाही.

किती सोडायचं? खाद्य न घालता, तलावाच्या स्वतःच्या अन्नावर, हेक्टरी 1000 ते 1500 बोटुकली आम्हाला पुरेशी वाटते. पण हेक्टर कोणता, इथेच घोळ आहे. तलाव तुडुंब भरल्यावरचं क्षेत्र धरून बीज मोजलं आणि मार्चमध्ये पाणी त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आलं, तर हेक्टरी तिप्पट मासे उरतात. सगळे पावशेरावर अडतात. म्हणून हिशेब मार्चच्या पाण्याचा धरा. कतला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. तिघांचं प्रमाण 4:3:3 चालतं. तळाला गाळ जास्त असेल तर कतल्यातून थोडं काढून मृगलाला द्यावं.

बीज उतरवताना होणारं नुकसान कुणाच्याही अहवालात येत नाही, म्हणून ते जवळून पाहा. 18 लिटरच्या प्लॅस्टिक पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन. 80 मिलिमीटरची बोटुकली मोजकीच, दाटी नको. निघण्याआधी दिवसभर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) उपाशी ठेवलेली हवी. पोट भरलेलं बीज पिशवीतच घाण करतं, अमोनिया वाढतो आणि पोचेपर्यंत निम्मं उलटं होतं. गाडी उन्हात येते, साहेब दुपारी येतात, फोटोसाठी पिशवी कापून बीज धाडकन पाण्यात ओततात. पिशवीतलं पाणी आणि तलावातलं पाणी यांच्या तापमानात चार-पाच अंशांचा फरक असला तरी बीज झटक्याने लुळं पडतं. त्या क्षणी मेलेलं दिसत नाही. तळाशी जातं आणि संध्याकाळपर्यंत बगळे वेचतात. योग्य रीत अशी: पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, पिशव्या न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायच्या. मग तोंड सोडून ओंजळ-ओंजळ तलावाचं पाणी आत घालायचं, दहा मिनिटं. शेवटी पिशवी आडवी करून बीजाला आपणहून पोहत बाहेर जाऊ द्यायचं. जागा उथळ, झाडोरा असलेली, तुडूम आणि सलंग यांपासून लांब. मोजणी वाटीने होते. तीन वाट्या वेगवेगळ्या पिशव्यांतून घ्या, पुरवठादाराने पुढे केलेल्या एकाच पिशवीतून नको. या सगळ्याला अर्धा तास लागतो. पाहुण्यांना तेवढा वेळ नसेल तर फोटो आधी काढून घ्या, आमची हरकत नाही.

स्वतःचं बीज स्वतः वाढवणं हा आमच्या मते सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि त्यासाठी गावोगावी बोड्या, म्हणजे लहान तळी, पडून आहेत. दहा गुंठ्यांच्या, मीटरभर पाण्याच्या बोडीचा हिशेब देतो. जिरे सोडायच्या तीन आठवडे आधी 250 किलो मोहाची पेंड भिजवून पाण्यावर सारखी पसरायची. तिच्यातल्या सॅपोनिनने शिकारी मासे तरंगतात, ते जाळ्याने काढायचे, खायलाही चालतात. विषाचा जोर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि पेंडीचंच खत होतं. त्यावर 500 किलो शेणखत. जिरे सोडायच्या आदल्या दिवशी पाण्यातले किडे मारायला साबण आणि तेलाचं मिश्रण वर पसरायचं. वारा नसलेली वेळ धरायची, नाहीतर तवंग एका काठाला गोळा होतो आणि किडे दुसऱ्या काठाला मजेत राहतात. मग तीन लाख जिरे, याहून जास्त नको. खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि धानाचा कोंडा समान, बारीक चाळून; पहिले पाच दिवस लाखामागे रोज 600 ग्रॅम, पुढे दुप्पट. पंधरा-वीस दिवसांत इंचभर बीज लाखभर निघालं तरी काम चांगलं झालं समजा. त्यातलं वीस-तीस हजारच त्या बोडीत ठेवायचं, बाकी दुसऱ्या बोड्यांत विरळ करायचं. इथे सगळे चुकतात. लाखभर बीज बघून कुणाचाही हात आखडतो, विरळ करवत नाही, आणि ऑक्टोबरला सगळं बीज दीड इंचावर थांबलेलं मिळतं.

या कामाला बोडी मे महिन्यात ताब्यात हवी. मंजुरी ऑगस्टमध्ये आली की मोहाची पेंड घरातच राहते.

सलंगाच्या जाळीवरून पाटबंधाऱ्याचे अभियंते आणि आम्ही यांच्यात जुना वाद आहे, आणि त्यांची भीती खोटी नाही. बारीक तारेची सपाट जाळी लावली तर पालापाचोळा अडकतो, पाणी चढतं आणि पाळीला धोका होतो. म्हणून तारेची नको. बांबूच्या कामट्यांचा ताटवा, फटी बोटाच्या जाडीहून कमी, वरच्या अंगाला नागमोडी उभा केलेला, म्हणजे पाणी गाळायला लांबी जास्त मिळते. जोराच्या पावसात दिवसातून दोनदा पाला काढायचा. ताटवा खांबांना दोरीने बांधायचा, तारेने नाही. पाणी हाताबाहेर जातंय असं दिसलं की कोयत्याने एक घाव, आणि सलंग मोकळा. पाळ फुटण्यापेक्षा मासे गेलेले परवडले. एवढ्या अटी लिहून घ्या, पण परवानगी मृगाआधी द्या.

आता वनस्पतींबद्दल, कारण इथे चांगल्या हेतूने सर्वाधिक बिघाड होतो. तलावात गवत दिसलं की ‘स्वच्छता’ काढायची आणि पाणवनस्पती खाणारा गवत्या मासा सोडायचा, हा सल्ला शेततळ्याला ठीक आहे. आमच्या तलावांत पाण्याखालची हायड्रिला, फितीसारख्या पानांच्या वनस्पती, कमळं, काठचं देवधान (रानभात) हे सगळं गावठी मासळीचं घर आहे. अंडी त्यालाच चिकटतात, झिंगे त्यातच वाढतात, पाणपक्षी त्याच्यावरच जगतात. गवत्या दोन वर्षांत तळ साफ करतो. मग पाणी कायमचं गढूळ, आणि मरळ-दाडक दिसेनाशी. गावठी मासे राखायचे असतील त्या तलावाच्या बीज यादीतून गवत्या कायमचा काढून टाका. तिलापियालाही बोलावू नका, तो बोलावल्याशिवायच येतो. थाई मागूर तर बंदी असूनही ‘मागूर’ या नावाखाली फिरतो. बीज उतरवताना ते ओळखणारा माणूस जागेवर हवा.

काढायची आहे ती बेशरम. पण तीही तारखेने. पावसाळ्यात कोयत्याने तोडली की तुटलेली प्रत्येक कांडी वाहत जाऊन दुसऱ्या काठाला मुळं धरते. शंभर झुडपांची पाचशे होतात आणि मजुरीही जाते. तलावाचं पोट उघडं पडतं त्या एप्रिल-मेमध्ये मुळासकट उपटायची, पाळीबाहेर नेऊन वाळवायची आणि जाळायची. मोकळ्या झालेल्या जागेची एक नांगरट, आणि पहिल्या पावसानंतर पाणी गुडघाभर असताना गावठी पाणवनस्पतींची रोपं शेजारच्या चांगल्या तलावातून आणून चिखलात दाबायची. पुढची दोन वर्षं उगवून आलेली बेशरम वेचायची. हे काम रोजगार हमीतून होऊ शकतं, फक्त हजेरीपट एप्रिलमध्ये निघायला हवा आणि तिन्ही वर्षं निघायला हवा.

भाद्रपदात धान गर्भात असताना पाऊस ओढ देतो आणि तलावाचं पाणी सुटतं. ते सुटावंच, तलाव धानासाठी बांधलेत, मासे त्यांचे पाहुणे. फक्त दोन गोष्टी. तुडुमाच्या आतल्या तोंडाशी ताटवा लावू द्या, नाहीतर सगळं बीज पाटाने बांध्यांत जातं आणि तिथेच आटतं. दुसरं, तुडतुड्यांवरच्या फवारण्या याच दिवसांत होतात. वरच्या बांध्यांतलं पाणी फवारणीनंतर चार-पाच दिवस तलावाकडे सोडू नये, एवढं कृषी सहायकांनी गावात सांगितलं तरी पुष्कळ. शिंगाड्यावरच्या किड्यासाठी फवारणारे आमच्यातलेच असतात, ते आम्ही बघतो. शिंगाडा तलावाच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे पसरू द्यायचा नाही हेही आम्हीच बघायचं आहे; पानांनी पाणी झाकलं की खाली हवा पोचत नाही.

हिवाळा तसा निवांत. दिवाळीनंतर पाणी निवळतं, मासा गार पाण्यात खाणं कमी करतो आणि खोलात उतरतो. डोंग्यातून (लहान होडीतून) संध्याकाळी कल्लाजाळी, म्हणजे मासा कल्ल्याशी अडकवणारी जाळी, सोडायची, पहाटे उचलायची. जाळ्याचं आस (भोक) ताणून 100 मिलिमीटरच्या खाली नको. त्यात साधारण अर्ध्या किलोच्या पुढचाच रोहू-मृगल अडकतो, लहान निसटून जातो. गावठी लहान मासळीसाठी बारीक आसाचं जाळं लागतंच, पण ते उथळ काठाला, ठरलेल्या दिवशी, आणि मोठ्या माशांची पिल्लं आली तर जिवंत परत. सरसकट ‘बारीक जाळ्यांवर बंदी’ असा आदेश काढू नका. तो निघाला की झिंगे आणि कोळशी विकून घर चालवणाऱ्या बायांचं काम बंद होतं, आणि रात्री चोरून ओढणारे चालूच राहतात.

थंडीत एक रोग येतो. अंगावर लाल चट्टे, मग जखमा, मग मांस उघडं. कोळशी आणि मरळ यांना आधी धरतो. आपल्या देशात तो 1988 पासून आहे. मूळ बुरशीचं, आणि पाणी 18 ते 22 अंशांच्या आसपास आलं की जोर करतो. मोठ्या तलावात औषध घालणं शक्य नाही. बोडीत हेक्टरी 200 किलो चुना दोन-तीन हप्त्यांत टाकल्याने आटोक्यात येतो. रोगाच्या तलावातलं ओलं जाळं दुसऱ्या तलावात घालायचं नाही, दिवसभर कडक उन्हात वाळवायचं. खात्याने एवढंच करावं की बातमी कळताच आजूबाजूच्या संस्थांना त्याच दिवशी कळवावी. नमुने प्रयोगशाळेतून परत येईपर्यंत आमची जाळी चार तलाव फिरून आलेली असतात.

आणि मग उन्हाळा, जिथे वर्षभराचं सगळं कमावलेलं जातं किंवा राहतं.

साधा हिशेब आहे. मार्चपासून मृगापर्यंत आमच्याकडचं ऊन तलावातलं जवळपास एक मीटर पाणी पितं, तुडूम बंद असला तरी. म्हणजे 1 मार्चला सगळ्यात खोल जागी दीड मीटर पाणी असेल, तर जूनला अर्धा मीटर उरणार. अर्धा मीटर पाणी मेमध्ये तळापर्यंत तापतं. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, त्यात दाटी, त्यात रात्री शेवाळही तोच वापरतं. पहाटे चारच्या सुमारास मासे तोंड वर काढून पाण्याच्या कडेला लागतात. कतला आधी, मृगल नंतर. ऊन चढल्यावर पुन्हा खाली जातात, म्हणून दहा वाजता पाहणीला आलेल्याला सगळं ठीक दिसतं. तीन-चार पहाटे असं झालं आणि मग एखाद्या दिवशी ढग आले, किंवा वळवाचा पाऊस पडून काठची घाण आत आली, की एका रात्रीत तलाव पांढरा होतो. गाव म्हणतं विष घातलं. काही वेळा घातलेलं असतंही, आणि 1897 पासून तो गुन्हा आहे. पण बहुतेक वेळा ते पाणी कमी राखल्याचं फळ असतं.

म्हणून 1 मार्चला सगळ्यात खोल जागी निदान अडीच मीटर पाणी राखलंच पाहिजे. तुडुमाच्या भिंतीवर तेवढ्या पातळीला लाल पट्टा मारा, आणि त्याखाली पाणी सोडायचं तर पाणीवापर संस्था व मच्छीमार संस्था या दोघांच्याही सह्या लागतील असं करा. उन्हाळी धानाला किती हेक्टरांपर्यंत पाणी द्यायचं ते जानेवारीत, रोपं टाकायच्या आधी, या पट्ट्यावरून ठरवा. एकदा धान उभं राहिलं की शेतकऱ्याला पाणी नाकारणं कुणालाच जमणार नाही, आम्हालाही नाही. तेही आमचेच नातेवाईक आहेत. आमच्या बाजूने आम्ही विक्री मार्चपासूनच वाढवायची, मोठा मासा काढून दाटी कमी करायची. मेपर्यंत भावाची वाट बघत बसायचं नाही.

गाळाबद्दल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि गाळ निघायलाच हवा. मात्र जेसीबी जिथे सोयीचं तिथे खोदतो: रस्त्याजवळ, उभ्या कडांचे खड्डे, मुरूम लागेपर्यंत. उभ्या खड्ड्यात जाळं ओढता येत नाही, गुरं पडतात, आणि मुरमावर काही वर्षं काही उगवत नाही. वरचा थर पूर्ण खरवडून काढू नका, वीतभर ठेवा. कमळाचे कंद आणि गवतांची बीजं त्यातच असतात. खोदकाम पाळीच्या पायथ्यापासून दूर, उतार पायाने चालत उतरता येईल असा. आणि त्यातच एक डोह करून द्या: क्षेत्राच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढा, तुडुमाच्या तळापेक्षा दीड मीटर खोल. तुडूम पूर्ण उघडा राहिला तरी तेवढं पाणी कुणाला नेता येत नाही. गाळाचं अंदाजपत्रक करताना ही एक ओळ घातली की आमची निम्मी उन्हाळी भांडणं मिटतील.

राहिला ठेका. जुलैपासून सुरू होणाऱ्या ठेक्याचा आदेश सप्टेंबरात हातात आला, तर त्या वर्षीचं बीज गेलं. याहून वाईट आधीच्या मे-जूनमध्ये होतं. ठेका परत मिळेल की नाही हे माहीत नसलेली संस्था शेवटच्या वर्षी काय करते? बारीक जाळं ओढते, पाव किलोचाही विकते, बीजासाठी ठेवायची मरळही विकते. तिला दोष देऊन उपयोग नाही, पुढचा कुणी घेऊन जाणार असेल तर कोण ठेवील? मुदत संपण्याच्या वर्षात नूतनीकरणाचा निर्णय फेब्रुवारीअखेर द्या. मिळणार नसेल तरी तेव्हाच सांगा, आणि तलावात राखलेल्या माशांची मोजदाद करून नव्या ठेकेदाराकडून त्याची किंमत देण्याची सोय करा. गडचिरोलीत आणि जिथे जिथे वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावे मान्य झालेत, तिथे पाण्यातली मासळी हा कायद्याने लिहिलेला हक्क आहे. अशा तलावाचा लिलाव काढण्याआधी मान्य झालेल्या दाव्याचा कागद उघडून बघा.

एकूण तारखा अशा होतात. रोखून ठेवलेल्या बीजाची मागणी आणि उन्हाळी धानाचं क्षेत्र जानेवारीत. ठेक्याचा निर्णय फेब्रुवारीअखेर. 1 मार्चला लाल पट्ट्याची संयुक्त पाहणी. बेशरम, गाळ आणि डोह एप्रिल-मेमध्ये, 25 मेपर्यंत यंत्रं पोटाबाहेर. बोडीचा ताबा आणि बंदीचा ग्रामसभा ठराव मेमध्ये. सलंगाच्या ताटव्याची परवानगी मृगाआधी. बीजाची पावती, संख्या आणि लांबी दोन्ही लिहून, उतरवण्याच्या जागी.

येत्या 1 मार्चला पाहणीला याल तेव्हा पहाटे पाचला या. डोंगा आणि मोजायची काठी घेऊन आम्ही तुडुमापाशी असू.

आपले,
पूर्व विदर्भातल्या तलावांवर मासेमारी करणाऱ्या संस्थांचे सभासद